अर्बन लेजंड (१९९८): पेट्रोल पंपापर्यंतचा पिक्चर

रातकिडा

(स्पॉयलर भरपूर आहेत, खुनी कोण तेही लिहिलंय. बघायचा असेल तर आधी बघून या.)

'अर्बन लेजंड' हा हॉरर पिक्चर परत बघितला आणि परत तेच झालं, पेट्रोल पंपाचा सीन संपला की वाटतं आता बंद करावा. पुढचा दीड तास अगदीच टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही, पण पहिल्या दहाएक मिनिटांत जे करून दाखवलंय ते पुढे जवळजवळ कुठेच जमलेलं नाही, आणि ते का जमलं नाही यावर मला नीट बोलायचंय कारण बहुतेक जण 'सुरुवात दमदार, मग ढेपाळतो' एवढं लिहून मोकळे होतात.

आधी सीन सांगतो. रात्र, धो धो पाऊस, मिशेल नावाची कॉलेजातली मुलगी एकटी गाडी चालवतेय, बॉनी टायलरचं 'टोटल एक्लिप्स ऑफ द हार्ट' लागलंय आणि ती मोठमोठ्याने सोबत गातेय. पेट्रोल संपत आलंय म्हणून आडरस्त्यावरच्या पंपावर थांबते. पंपावरचा माणूस बघूनच कसंतरी होतं, तोतरा, नजर इकडेतिकडे, अंगावर येणारा. तो तिचं क्रेडिट कार्ड घेऊन आत जातो आणि मग सांगतो की कार्ड कंपनीचा फोन आलाय, आत येऊन बोला. ती आत जाते, फोन कानाला लावते तर पलीकडे कुणीच नाही आणि हा दार लावून घेतोय. मग ती जे कुणीही करेल तेच करते, त्याच्या डोळ्यात स्प्रे मारते, झटापट करून सुटते आणि गाडी सुसाट सोडते. तो मागून पावसात पळतोय, त्याला काहीतरी ओरडायचंय पण शब्द घशातच अडकलाय, आणि जेव्हा निघतो तोवर गाडी गेलेली असते. मागच्या सीटवर कुणीतरी आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं.

मग कुऱ्हाड.

आता यात खरी करामत काय आहे बघा. ही गोष्ट अमेरिकेत कित्येक वर्षं तोंडोतोंडी फिरत होती, त्यात पंपवाला बाईला 'तुमची नोट खोटी आहे' असं काहीतरी कारण काढून आत बोलावतो आणि बाई वाचते. म्हणजे मूळ गोष्टीचा शेवट सुटकेचा आहे. लेखक सिल्व्हियो होर्ताने त्यात फक्त तोतरेपणा घातला, आणि सगळी गोष्ट उलटली! वाचवणारा माणूसच तिला मरणाकडे पळवून लावतो. ज्यांना ती गोष्ट पाठ आहे तेही फसतात.

आणि तो माणूस वाईट आहे हे आपल्याला पिक्चरने कुठेही सांगितलेलं नसतं, आपणच ठरवलेलं असतं. तिथे ब्रॅड डूरिफला घेतलंय ते उगाच नाही. 'चाइल्ड्स प्ले'मधल्या चकी बाहुल्याचा आवाज त्याचा, त्यामुळे हॉररवाले त्याला बघताक्षणी खुनी समजतात. पण त्याच माणसाला १९७५ च्या 'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट'मधल्या तोतऱ्या, बिचाऱ्या बिलीसाठी ऑस्करचं नामांकन होतं. एका नटात दोन्ही माणसं आहेत आणि सीनला दोन्ही लागतात. एवढं करून श्रेयनामावलीत त्याचं नावही नाही.

यानंतर पिक्चर पेंडलटन नावाच्या (काल्पनिक) युनिव्हर्सिटीत जातो आणि तिथे प्रोफेसर वेक्सलर वर्गात दंतकथांवर (म्हणजे अर्बन लेजंड, अशा तोंडोतोंडी फिरणाऱ्या गोष्टींवर) लेक्चर देतात. इथेच माझं डोकं फिरतं. कारण आता प्रत्येक खुनाआधी किंवा खुनानंतर कुणीतरी आपल्याला समजावून सांगणार की ही अमुक दंतकथा बरं का. मुलगा झाडाला टांगलेला आणि त्याचे पाय गाडीच्या टपाला लागतायत, ती एक. पाळीव कुत्रा मायक्रोवेव्हमध्ये, ती दुसरी. किडनी काढून नेणं ती आणखी एक. गोष्टी मुळातल्या जशाच्या तशा, शेवट कुठेही बदललेला नाही. पहिल्या सीनने जो खेळ शिकवला तोच पिक्चर स्वतः विसरला.

तुम्हाला काय वाटतं? आणि असे आणखी पिक्चर?

मृण्मयी

छान लिहिलंय. पण 'जवळजवळ कुठेच नाही' म्हणालात त्यातल्या 'जवळजवळ'बद्दल आधी बोलते, कारण माझ्या मते रूममेटचा सीन पंपाच्या सीनच्या बरोबरीचा आहे.

नायिका नॅटली रात्री खोलीवर येते, अंधारात रूममेट टॉशच्या पलंगावर झटापटीचे आवाज येतायत, आणि नॅटली दिवा लावत नाही, हेडफोन लावून झोपून जाते. सकाळी टॉश मेलेली आणि भिंतीवर रक्ताने लिहिलेलं, दिवा लावला नाहीस ते बरंच झालं ना, अशा अर्थाचं. गोष्ट जुनीच आहे, शेवटही बदललेला नाही, तरी चालतो. कारण नॅटलीने दिवा का लावला नाही याचं कारण आपल्याला आधीच दिलेलं आहे, टॉश खोलीवर मुलगा आणते तेव्हा अशीच एकदा नॅटली मध्ये कडमडल्यामुळे तिने तिला झापलेलं असतं. हॉस्टेलला राहिलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, रूममेटशी वाद नको म्हणून आपण किती वेळा अंधारात चाचपडत कपडे बदललेत. नॅटली भित्री नाही, शहाण्यासारखी वागली आणि त्यातच टॉश गेली.

त्यामुळे मला वाटतं शेवट बदलणं हा मुद्दा दुसरा, आधीचा मुद्दा हा की माणूस योग्य वाटणारी गोष्ट करतो आणि तीच नडते. मिशेलचंही तेच आहे, एकट्या बाईने दार लावून घेणाऱ्या अनोळखी पुरुषापासून पळालंच पाहिजे. बाकीच्या खुनांत मरणाऱ्याने काही ठरवलेलंच नाही, ती माणसं फक्त त्या वेळी तिथे होती.

(टॉशचं काम करणारी डॅनिएल हॅरिस म्हणजे 'हॅलोवीन ४'मधली ती छोटी जेमी.)

नाईटशो

दोघांचंही पटलं, मी थोडं मागे जातो कारण हा पिक्चर कुठून आला ते कळलं की बरंच उलगडतं.

१९९६ ला 'स्क्रीम' आला आणि ड्रू बॅरीमोरला पोस्टरवर घेऊन पहिल्या बारा-तेरा मिनिटांत मारून टाकलं. त्यानंतर दोन-तीन वर्षं प्रत्येक टीनएज स्लॅशरला (एकेकाला मारत सुटलेल्या खुन्याच्या पिक्चरला) 'तसा' पहिला सीन हवाच झाला. पण नक्कल करणाऱ्यांनी फक्त पहिला सीन उचलला, पुढचं नाही. 'स्क्रीम'मध्ये फोनवर हॉररचे प्रश्न विचारायचा जो खेळ सुरू होतो तो शेवटपर्यंत चालतो, पात्रांना हॉररचे नियम तोंडपाठ असतात आणि तरी ती मरतात, म्हणजे ते माहीत असण्यातच गंमत आणि भीती दोन्ही आहे. इथे पात्रांना दंतकथा माहीत आहेत पण त्या माहितीचं ती करतात काय? काही नाही. लायब्ररीत जाऊन पुस्तक काढतात आणि चित्रं बघतात.

दिग्दर्शक जेमी ब्लँक्स ऑस्ट्रेलियाचा, तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा. त्याला 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' करायचा होता, त्यासाठी स्वतःच्या पैशाने त्याचा नकली ट्रेलर शूट करून पाठवला होता, तोपर्यंत जिम गिलेस्पीला काम मिळालेलं होतं. पण तो ट्रेलर बघूनच त्याला हा पिक्चर मिळाला. मला तर वाटतं ब्लँक्सचा हात हा ट्रेलरवाल्याचाच हात आहे, एक कल्पना, एक जागा, पाच-दहा मिनिटं, यात तो अफाट आहे. दीड तास पेलायला वेगळी ताकद लागते.

धंदा मात्र केला. साधारण १ कोटी ४० लाख डॉलरमध्ये बनवून जगभरात ७ कोटींच्या वर गेला. त्यामुळे निर्मात्यांना पुढचा दीड तास सुधारायची गरज वाटली नसणार.

आपल्याकडेही ती लाट आलीच होती, २००३ मध्ये 'श्श्श...' आणि 'कुछ तो है' दोन्ही याच घराण्यातले.

सातारी_पोरगी

मला एवढा राग नाही या पिक्चरचा, उलट लोभच आहे. कॅम्पस बघा ना, ते दगडी बांधकाम, लांबलचक कॉरिडॉर, सतत ओलं ओलं, बराचसा टोरंटो युनिव्हर्सिटीत शूट झालाय. क्रिस्टोफर यंगचं संगीतही भारदस्त आहे, या लेव्हलच्या पिक्चरला असं संगीत सहसा नशिबी येत नाही. आणि लोरेटा डिव्हाईनची रीस, ती सिक्युरिटीवाली, सत्तरच्या दशकातली ॲक्शन हिरॉईन पॅम ग्रिअर हिच्या पिक्चरची भक्त, एकटी बसून ते बघत बंदूक रोखायची प्रॅक्टिस करते. ती आली की माझा जीव भांड्यात पडतो. स्लॅशरमध्ये पोलीस-सिक्युरिटीवाले मरायलाच असतात, ही नाही मरत, आणि शेवटाकडे कामाला येते.

रेडिओवरचा सीनही तुम्ही सगळे विसरलात. साशाचा लेट नाईट शो आहे, तिच्यावर हल्ला होतो तेव्हा माईक चालू आहे, ती जिवाच्या आकांताने किंचाळतेय आणि ऐकणाऱ्यांना वाटतंय हे मुद्दाम केलेलं नाटक आहे. तो विचार पंपाच्या सीनचाच आहे, मदतीची हाक ऐकू येतेय पण तिचा अर्थ चुकतोय.

रातकिडा

@मृण्मयी, 'योग्य वाटणारी गोष्ट केली आणि तीच नडली' हे फार नेमकं आहे, माझ्या मांडणीपेक्षा जास्त जवळचं. झाडाला टांगलेल्या डेमनचं बघा, त्याने काय ठरवलं? काही नाही. डीन साहेब पार्किंगमध्ये गाडीकडे जातात, गाडीखालून कुणीतरी टाचेवर वार करतं. बघताना पाय आपसूक वर घेतले जातात, पण ती भीती टाचेपुरतीच, दोन मिनिटांनी उतरते.

@सातारी_पोरगी, रेडिओचा सीन कागदावर मलाही जबरदस्त वाटतो, पण तो लगेच पळापळीत जातो. मला तो ऐकणाऱ्यांच्या खोलीतून बघायला आवडला असता, मुलं हसतायत, कुणी म्हणतंय काय ॲक्टिंग करते ही, आणि आपल्याला एकट्यांना माहीत आहे. तो वेळ त्यांनी दिलाच नाही, लगेच कुऱ्हाड घेऊन जिन्यावर.

आणि नटाच्या प्रतिमेवरून चकवायचं जे डूरिफच्या बाबतीत जमलं तेच वेक्सलरच्या बाबतीत करायला गेले. वेक्सलर झालेला रॉबर्ट एंग्लंड म्हणजे 'नाईटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मधला खुनी फ्रेडी क्रूगर, त्याच्यावर संशय येणारच. शिवाय कॉलेजात दंतकथा होऊन बसलेल्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्टॅन्ले हॉल हत्याकांडातून तो वाचलेला, म्हणजे त्या दंतकथेतला जिवंत माणूसच. एवढा मसाला हातात असून शेवटी काय, गाडीच्या डिकीत त्याचं प्रेत सापडतं आणि विषय संपला. डूरिफबद्दलचा आपला समज उलटवून आपल्याला लाज वाटायला लावली, एंग्लंडबद्दलचा नुसता पुसून टाकला.

आडवाटेचा

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कुणी बोलत नाहीये आणि मला तीच सगळ्यात जास्त खटकते, म्हणून लांब लिहितोय.

खुनी ब्रेंडा, नॅटलीची मैत्रीण. का मारते? तिचा होणारा नवरा अपघातात गेला. अपघात कसा झाला तर नॅटली आणि मिशेल (हो, पंपावरचीच मिशेल) रात्री हेडलाइट बंद ठेवून गाडी चालवत होत्या, समोरून येणाऱ्याने 'लाइट लावा' म्हणून दिवे दाखवले की त्याच्या मागे लागायचं अशी त्यांची मस्करी. त्या बिचाऱ्याने दिवे दाखवले, यांनी पाठलाग केला, तो रस्त्याबाहेर गेला. ही पण एक खरीच पसरलेली अफवा, गुंडांच्या टोळ्या असं करतात म्हणून १९९३ मध्ये अमेरिकेत फॅक्सवरून ऑफिसाऑफिसांत फिरली होती, पुढे ईमेलवरून. यान हॅरोल्ड ब्रुनव्हांड हे तिथले लोककथांचे अभ्यासक, त्यांनी अशा गोष्टींवर १९८१ पासून पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली, त्यात मागच्या सीटवरचा खुनीही आहे आणि ही हेडलाइटवालीही.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. एक अनोळखी माणूस मिशेलला सावध करायला दिवे दाखवतो, ती त्याचा जीव घेते. पुढे दुसरा अनोळखी माणूस तिला सावध करायला जातो, ती त्याच्या डोळ्यात स्प्रे मारून पळते आणि मरते. दोन्ही वेळा भल्या माणसाचा इशारा, दोन्ही वेळा त्याला मिळालेलं फळ वाईट. हा पिक्चरचा कणा आहे! पहिल्या सीनमध्ये अख्ख्या पिक्चरचा शेवट लपवून ठेवलेला होता, आणि दिग्दर्शकाला किंवा लेखकाला याचा पत्ता असल्याची एकही खूण पुढे सापडत नाही. ब्रेंडा शेवटी नॅटलीला बांधून लांबलचक खुलासा देते, स्लाइड दाखवते, सगळं सांगते, पण पंपावर जे घडलं त्याचा आणि आपल्या दुःखाचा धागा जोडत नाही. तिला तर ते माहीत आहे, ती मागच्या सीटवरच होती! तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की मिशेल दुसऱ्यांदा एका मदत करणाऱ्याला तुडवून निघाली. ते एक वाक्य तिच्या तोंडी घातलं असतं तर पहिला सीन पिक्चरच्या शेवटी परत नव्याने उभा राहिला असता, आणि ब्रेंडाचा राग पोटात उतरला असता. त्याऐवजी आपल्याला मिळते डोळे मोठे करून हसणारी वेडी पोरगी.

मृण्मयी

@आडवाटेचा, हे वाचून काटा आला. मागच्या सीटवर बसून तिने ते ऐकलं असणार हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

आणि पंपवाला साक्षीदार आहे ना हो? गाडीत कुणीतरी आहे हे बघणारा एकमेव जिवंत माणूस. कॅमेरा त्याच्याकडे परत जातच नाही. कॉलेजवाले प्रकरण दडपतायत, नॅटलीवर कुणी विश्वास ठेवत नाहीये, तर ती गाडी काढून त्या पंपावर का जात नाही? पॉल पत्रकार आहे, कॉलेजच्या पेपरात बातम्या छापायला धडपडतोय, त्याचं तर हे पहिलं काम. तो तोतरा माणूस, ज्याच्यावर आपण सगळ्यांनी संशय घेतला, तो परत दिसला असता आणि या वेळी नॅटलीने शेवटपर्यंत थांबून त्याचं ऐकून घेतलं असतं, तर केवढा सीन झाला असता.

नाईटशो

हो!! आणि त्यासाठी वेगळा खर्चही नव्हता, सेट होताच.

एक व्यवहारी मुद्दा, ब्रेंडाचं काम करणाऱ्या रिबेका गेहार्टची चण बघा. पार्का (टोपीवाला जाड कोट) घातलेला खुनी मात्र चांगला दांडगा, डेमनसारख्या पोराला झाडावर ओढून टांगणारा. पंपाच्या सीनमध्ये हा प्रश्न येत नाही कारण खुनी बसलेला आहे आणि अंधारात आहे, अंगाने केवढा ते कळायला मार्गच नाही. पुढे त्याला उभा केला, चालवला, पळवला आणि तिथेच गोष्ट फसली. खुनी कोण हे लपवायचं म्हणून अंगाने दुसराच दाखवायचा हे मला फसवणूक वाटते.

खिडकीपाशी

तुम्ही 'असे आणखी' विचारलंत म्हणून. या सगळ्यांचा आजोबा १९७९ चा 'व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स'. मुलं सांभाळायला आलेली मुलगी, फोनवर फोन, पलीकडचा विचारतोय मुलांना बघून आलीस का, आणि शेवटी पोलीस सांगतात फोन याच घरातून येतोय. कॅरल केनने ती वीसेक मिनिटं एकटीने पेललीत, खोली, फोन आणि तिचा चेहरा बस. ही पण दंतकथाच. आणि मग पिक्चर चक्क दुसरीकडेच जातो, वर्षं उलटतात, डिटेक्टिव्ह खुन्याला शहरभर शोधतोय, दारूचे गुत्ते, फुटपाथ. कारण उघड आहे, दिग्दर्शक फ्रेड वॉल्टनने आधी १९७७ मध्ये 'द सिटर' नावाची शॉर्ट फिल्म केली होती, तीच पुढे सुरुवात म्हणून ताणली आणि मागे बाकीचा पिक्चर जोडला.

पण त्याच्या मधल्या भागाचं मी समर्थन करेन. टोनी बेकलीने केलेला खुनी तिथे एकटा, मार खाणारा, कुणालाच नको असलेला माणूस म्हणून दिसतो, आणि पहिल्या वीस मिनिटांत ज्याचा फक्त आवाज होता त्याला असं बघणं अंगावर येतं. भीती कमी होते हे खरं पण काहीतरी नवीन मिळतं. २००६ च्या रीमेकने उलटं केलं, ती वीस मिनिटंच अख्ख्या पिक्चरभर पसरवली आणि त्यात काहीच उरलं नाही. म्हणजे सुरुवात चांगली जमली तर तीच लांबवा हा उपाय नाही.

रातकिडा

@खिडकीपाशी, रीमेकचं उदाहरण मोलाचं आहे, कारण मी पण मनात असाच विचार करत होतो की पंपावरच तासभर काढला असता तर.

@आडवाटेचा, तुमचा प्रतिसाद माझ्या मूळ लेखापेक्षा महत्त्वाचा आहे. आता मला हा पिक्चर जास्त आवडतो की जास्त चीड येते ते सांगता येत नाही. इतके दिवस मी समजत होतो की सुरुवात एकीकडे आणि पिक्चर दुसरीकडे, दोन्ही वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखे. तुमच्या वाचनाप्रमाणे ते एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत, नुसते जोडायचे राहिलेत.

सातारी_पोरगी

पुढचे भाग कुणी बघितलेत का? वीकेंडला लावू का?

नाईटशो

दुसरा 'फायनल कट' २००० चा, जॉन ऑटमनने केलाय, तोच ज्याने 'द युज्वल सस्पेक्ट्स'चं एडिटिंग आणि संगीत दोन्ही केलं होतं. फिल्म स्कूलमध्ये घडतो. तुझी रीस त्यात आहे, तिच्यासाठी बघ. सुरुवात विमानातली आहे आणि ती शूटिंग निघते, म्हणजे सुरुवातीची भीतीही खोटी. दंतकथा जवळजवळ सोडूनच दिल्यात, किडनीचा एक सीन सोडला तर. तिसरा 'ब्लडी मेरी' २००५ चा, थेट डीव्हीडीवर आलेला, 'पेट सिमेटरी'वाल्या मेरी लॅम्बर्टचा, त्यात भूतच आहे, पहिल्या दोनांशी फारसा संबंध नाही. एकच बघायचा तर दुसरा बघ आणि रात्री उशिरा लाव.